घमेलं डोक्यावर, थापी कुणाच्या हाती?

पिंपळवंडीतल्या, आळेफाट्याकडच्या, ओतूरकडच्या आणि पलीकडे घोडनदीच्या खोऱ्यात आंबेगाव तालुक्यात ऐकत बसलेल्या सगळ्या बचत गटांतल्या बायांना माझा नमस्कार. कुणी कांदे निवडता निवडता ऐकत असेल, कुणी भाकरी थापता थापता. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज बांधकामाविषयी बोलू. कुणाच्याही गावात घर बांधायला निघालं की काय दिसतं ते डोळ्यापुढे आणा. परांचीवर मिस्त्री बसलाय. त्याच्या एका हातात थापी, दुसऱ्या हातात वीट, बाजूला ओळंबा टांगलेला. खाली एक बाई माल कालवतेय, दुसरी घमेलं भरून शिडीवरून वर नेतेय, तिसरी विटा भिजवतेय. काल झालेल्या भिंतीवर पाणी मारायलाही बाईच. संध्याकाळी हजेरी वाटली जाते तेव्हा मिस्त्रीची हजेरी वेगळी आणि बायांची वेगळी. त्या दोन आकड्यांमध्ये बरंच अंतर असतं.

बाई दहा वर्षं बांधकामावर जाते आणि दहाव्या वर्षीही बिगारीच असते. तिच्याबरोबर त्याच दिवशी बिगारी म्हणून लागलेला पोरगा मात्र तीन-चार वर्षांत गिलावा करायला लागतो आणि मिस्त्री म्हणवून घेतो. हे असं का होतं? आणि कधी, कुठे, याच्या उलट झालंय का? झालं असेल तर ते टिकलं का? हा इतिहास आज आपण बघू.

पहिल्यांदा एक समज बाजूला काढून ठेवू. लोक म्हणतात, गवंडीकाम ताकदीचं आहे, बाईला झेपणार नाही. आता हिशोब करा. एक वीट साधारण तीन किलोची. घमेल्यात माल भरला की वीस-पंचवीस किलो सहज होतो. तो डोक्यावर घेऊन दिवसभर शिडी चढते ती बाई. आणि थापी? ती अर्धा किलोचीही नसते. म्हणजे बांधकामावरचं जड काम बाईकडे आणि हलकं हत्यार पुरुषाकडे. मग ताकदीची अडचण राहिली कुठे? अडचण आहे ती शिकवण्याची. थापी कुणाच्या हातात द्यायची, हे फार जुन्या काळापासून ठरत आलंय.

आपला जुन्नर तालुका तर दगडकामाचं माहेरघर. शिवनेरीच्या कड्यात, लेण्याद्रीच्या डोंगरात, मानमोडीला दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. नाणेघाटातल्या लेखात सातवाहनांच्या राणीचं, नागनिकेचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय. जुन्नरच्या शिलालेखांत धान्याचा व्यापार करणाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची ‘श्रेणी’ असे उल्लेख आहेत. श्रेणी म्हणजे त्या काळातला व्यवसायाचा गट. एका धंद्यातली माणसं एकत्र येत, पैसा ठेवत, दान करत, आपलं नाव दगडावर कोरून घेत. आपल्या बचत गटाचं फार लांबचं नातं लावायचं तर तिथे लागेल.

पुढच्या काळात गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार आले. दगडाचं काम पाथरवटांकडे, वडारांकडे, बेलदारांकडे. कसब बापाकडून मुलाकडे गेलं. त्या घरांतल्या बायका काही रिकाम्या बसल्या नव्हत्या. वडाराची बाई दगड फोडत होती, माती वाहत होती. कुंभाराची बाई माती मळत होती. पण कसबाचं नाव पुरुषाच्या नावाला चिकटलं आणि बाईच्या कामाला ‘हातभार’ म्हटलं गेलं.

आणि घरची कामं बघा. कुडाच्या भिंती लिंपायच्या कुणी? भुई सारवायची कुणी? शेण आणि माती किती, भुसा किती, पाणी किती, म्हणजे वाळल्यावर तडा जाणार नाही, हे आपल्या आज्या बोटांनी ओळखायच्या. चूल घालायची तर तोंड कुठल्या दिशेला, धूर कुठून निघेल, तवा कुठे बसेल, सगळं डोक्यात. आता मला सांगा, लिंपण आणि गिलावा यांत फरक किती? मिश्रण बदललं आणि हत्यार बदललं. एकाला घरकाम म्हणतात, एकाला धंदा.

यानंतरचा टप्पा आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी अंगावर काढलेला आहे. १९७२ चा दुष्काळ. माझी आई तेव्हा खडी फोडायला जायची. तिच्या तळहातावरचे घट्टे मी लहानपणापासून बघितलेत. पहिल्यांदा घराबाहेरच्या मजुरीला गेलेल्या अशा कितीतरी जणी होत्या. त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली आणि लावून धरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पुढे २००५ साली सगळ्या देशासाठी रोजगाराच्या हमीचा कायदा झाला, त्याच्या आधी कितीतरी वर्षं आपल्या राज्यानं हे करून दाखवलं होतं.

या कामांवर बायका मोठ्या संख्येनं आल्या. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग, कालवे. आपल्या भागात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगा. आज आपण त्या पाण्यावर ऊस आणि टोमॅटो काढतो. तेव्हा मोठ्या कामांवर माती आणि दगड वाहणाऱ्यांत बायकाही होत्या, हे आपल्याला सांगायला पुस्तक लागत नाही. घरातल्या म्हातारीला विचारा.

त्या योजनेनं बाईला काम दिलं, हातात तिचा स्वतःचा पैसा दिला. ही लहान गोष्ट नव्हती. पण एक गोष्ट झाली नाही. काम दिलं ते अकुशल कामगार म्हणून, आणि वर्षानुवर्षं ती अकुशलच राहिली. दहा रस्ते बांधून झाले तरी रस्ता कसा आखतात, उतार कसा काढतात, हे तिला कुणी दाखवलं नाही.

१९७६ मध्ये देशात समान वेतनाचा कायदा झाला. सारख्या कामाला बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी. कायदा चांगलाच होता. पण मुकादमाच्या वहीत त्याला वाट सापडली. कायदा म्हणत होता सारख्या ‘कामाला’. मग वहीत पुरुषाच्या नावापुढे गवंडी आणि बाईच्या नावापुढे बिगारी लिहिलं की झालं. कायदा पाळला गेला आणि मजुरीतलं अंतरही राहिलं. म्हणून मी म्हणते, मजुरीचा प्रश्न शेवटी हत्याराच्या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

आता आपण लातूरकडे जाऊ. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या पोटात कसा गोळा आला होता ते आठवा. किल्लारीला असं एका पहाटेत पन्नासहून जास्त गावांचं झालं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या जरा आधी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं बसली. सरकारी आकड्याप्रमाणे सात हजार नऊशेहून जास्त माणसं गेली.

इतकी माणसं का गेली? कारण घरं. तिकडची जुनी घरं माळवदाची. वर लाकडी तुळया, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहायला तो बरा, पण वजन केवढं! खाली दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, ओबडधोबड दगड मातीत बसवलेले. बाहेरून भिंत भक्कम दिसायची. पण आत बाहेरचा दगड वेगळा, आतला वेगळा, मधे भर. दोन्ही बाजूंना एकत्र धरून ठेवणारा लांब दगड नसायचा. हादरा बसला तेव्हा भिंतीची दोन पाखं एकमेकांपासून सुटली, आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर आलं.

जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावं पूर्ण नव्या जागी हलवायची ठरली. त्याशिवाय सुमारे दोन लाख घरं अशी होती की ती पडली नव्हती, तडकली होती. ती जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्यासाठी पैसा आणि साहित्य टप्प्याटप्प्यानं घरमालकाला मिळणार, इंजिनिअर सल्ला देणार आणि घरमालकानं काम करून घ्यायचं.

कागदावर ठीक होतं. गावात मात्र गाडी अडली. लोकांना वाटायचं, आपलंही नवं गाव होईल, जुन्यावर खर्च कशाला? इंजिनिअरची भाषा लोकांना कळत नव्हती आणि लोकांची भीती इंजिनिअरला कळत नव्हती. त्या वेळी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं एक मार्ग सुचवला. प्रेमा गोपालन त्या कामाच्या पुढे होत्या. त्या आता आपल्यात नाहीत, २०२२ मध्ये गेल्या. मार्ग असा, की प्रत्येक गावातल्या महिला मंडळातून बाई निवडायची आणि तिला ‘संवाद सहायक’ म्हणून नेमायचं. सरकारनं ते मान्य केलं. हजाराहून जास्त गावांत अशा बायका कामाला लागल्या.

आता ही कल्पना मुळात आली कुठून, तेही सांगते, कारण इतिहासात एक धागा दुसऱ्यात गुंतलेला असतो. प्रेमाताई आधी मुंबईत स्पार्क या संस्थेत होत्या. १९८४ साली सुरू झालेली ही संस्था भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करायची. १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की महापालिका फुटपाथवरच्या झोपड्या काढू शकते. त्या बायकांनी रडत बसण्यापेक्षा विचार केला, आपल्याला घर हवं असेल तर ते कसं असावं हे आपणच आधी ठरवू. महिला मिलन नावाचं त्यांचं संघटन उभं राहिलं. लाकडाचा सांगाडा आणि कापड वापरून त्यांनी खऱ्या मापाची नमुना घरं उभी केली आणि लोकांना बघायला बोलावलं. चूल कुठे, मोरी कुठे, पोटमाळा किती उंचीवर. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बायका घराचा नकाशा समजून सांगत होत्या. घर बांधणं ही बाईला कळणारी गोष्ट आहे, ही खात्री तिथून लातूरला गेली.

लातूरच्या गावांत संवाद सहायक बाईनं काय केलं? आधी ती स्वतः शिकली. भिंत का पडली? भिंतीत ठराविक अंतरावर आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट का भरायचं? कोपऱ्यांवर तारेची जाळी मारून वर सिमेंटचा थर का द्यायचा? लाकडी खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपा आधार का द्यायचा? माळवदावरची जास्तीची माती का उतरवायची? हे सगळं समजून घेऊन ती घरोघर गेली. हप्ता आला का, सिमेंट आलं का, आलेलं सिमेंट गोठलेलं तर नाही, काम सांगितल्यासारखं होतंय का, हे ती बघायची. नाही झालं तर बैठकीत साहेबापुढे उभी राहून बोलायची. ज्या गावांत बाईनं वडीलधाऱ्यांपुढे चपला हातात घेऊन चालायचं, तिथे ती मिस्त्रीला सांगत होती, ‘दादा, इथे जाळी राहिलीय.’ काही जणींनी पुढे स्वतः थापी हातात घेतली, गवंडीकाम शिकल्या.

२६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या या बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेली भिंत दोघींनी बघितलेली. तिथल्या बायकांना त्यांनी सांगितलं, घर बांधून घेताना बाजूला बसू नका, मधे उभ्या राहा. तुर्कस्तानात १९९९ साली भूकंप झाला होता, तिथल्या बायकांच्या संघटनेशीही यांची देवाणघेवाण झाली. मराठवाड्यातली शेतकरी घरातली बाई भिंतीची गोष्ट सांगायला परदेशी बायकांसमोर बसली, हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांत लिहिण्यासारखं आहे.

पण मैत्रिणींनो, नुसतं कौतुक करून मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. आज मराठवाड्यात गेलं तर घर बांधायला बाई गवंडी सर्रास मिळते का? नाही मिळत. संकट आलं, हात कमी पडले, तेव्हा बाईला पुढे बोलावलं गेलं. संकट सरलं, कार्यक्रम संपला, आणि बांधकाम पुन्हा जुन्या वाटेनं चालू लागलं. राहिलं ते कुठे? जिथे बायकांचा गट राहिला तिथे. भूकंपाच्या कामातून तयार झालेल्या बायकांनी बचत गट बांधले, गावकारभारात उतरल्या, व्यवसाय केले. ते टिकलं, कारण त्याला मागे गटाची भिंत होती.

हे आपल्याकडेच होतं असं समजू नका. लंडन शहरात थेम्स नदीवर वॉटर्लू नावाचा पूल आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बांधला गेला. पुरुष लढाईवर, म्हणून बांधकामावर शेकडो बायका आल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले, बायकांना घरी पाठवलं. डिसेंबर १९४५ मध्ये पुलाचं उद्घाटन झालं, तेव्हा मंत्र्यांनी भाषणात पूल बांधणाऱ्या पुरुषांचं तोंड भरून कौतुक केलं. बायकांचं नावही नाही. नदीवरचे नावाडी मात्र त्याला ‘बायकांचा पूल’ म्हणत राहिले. कागदावर नोंद नव्हती, म्हणून कितीतरी वर्षं लोकांना ती दंतकथा वाटायची. पुढे संशोधकांनी जुने फोटो शोधून काढले, आणि त्यांत काम करणाऱ्या बायका स्पष्ट दिसल्या. सत्तर वर्षांनी पुरावा मिळाला. धडा एवढाच, की केलेल्या कामाची नोंद त्याच वेळी आणि आपल्याच नावावर झाली पाहिजे.

आपल्या देशातलं अलीकडचं उदाहरण झारखंडचं. स्वच्छ भारत अभियानात लाखो शौचालयं बांधायची होती आणि मिस्त्री कमी पडत होते. तेव्हा बचत गटांतल्या बायकांना गवंडीकाम शिकवलं गेलं. त्यांना नावही मिळालं, ‘राणी मिस्त्री’. पहिल्यांदा लोक हसले, बाईनं बांधलेली भिंत उभी राहील का म्हणाले. भिंती उभ्या राहिल्या. लातेहार जिल्ह्यातल्या एका राणी मिस्त्रीला २०१९ च्या महिला दिनी राष्ट्रपतींच्या हातून नारीशक्ती पुरस्कार मिळाला. इथे एक गोष्ट वेगळी होती. त्या एकेकट्या शिकल्या नाहीत, गटानं शिकल्या आणि गटानंच काम घेतलं. पण प्रश्न तिथेही तोच उरतो: शौचालयं बांधून संपली की पुढे काय?

म्हणजे बघा, लातूर असो, लंडन असो की झारखंड, गोष्ट एकाच वळणानं जाते. गरज पडली की थापी बाईच्या हातात येते. गरज सरली की काढून घेतली जाते. थापी हातात येणं ही अर्धी लढाई, ती हातात राहणं ही दुसरी अर्धी. आपण प्रशिक्षणाचा फोटो काढतो, प्रमाणपत्र घेतो, ती पहिली अर्धी झाली. दुसऱ्या अर्धीचं काय?

बाई बांधकाम का सोडते, ते आधी बघू. पहिलं कारण लेकरू. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीचं बांधकाम चालू होतं. मीरा महादेवन यांनी तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत, मातीत पडलेली बघितली. त्यांनी तिथेच तंबूत पाळणाघर सुरू केलं. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, म्हणून त्याला फिरतं पाळणाघर म्हणू लागले. पुढे हे काम मुंबईत आणि आपल्या पुण्यातही आलं. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी कायदा झाला, त्यात पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तिथे पाळणाघर पाहिजे असं लिहिलं. आता गावातल्या घराच्या बांधकामावर पन्नास बायका कुठून येणार? तिथे दोन-तीन असतात. म्हणजे तो कायदा आपल्या दारापर्यंत पोचलाच नाही. रोजगार हमीच्या राष्ट्रीय कायद्यानं हे ओळखलं होतं. सहा वर्षांखालची पाच मुलं कामावर असली तरी त्यांना सांभाळायला एका बाईला ठेवायचं आणि तिला मजुरी द्यायची, असं त्यात ठरलं.

दुसरं कारण मुतारी. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या बायका आपण बघतो. पुढे लघवीचे त्रास होतात आणि बाई म्हणते, नको ते काम. तिसरं कारण एकटेपण. परांचीवर एकटी बाई आणि खाली दहा पुरुषांचे शेरे. शिकलेली असली तरी ती दुसऱ्यांदा वर चढत नाही. दोघी असल्या की चढतात. चौथं कारण पुढचं काम. पुरुष मिस्त्रीला काम मिळतं ते चहाच्या टपरीवर, पारावर, ओळखीत. बाईला त्या पारावर जागा नाही. मग शिकलेल्या बाईला काम कोण सांगणार?

आणि पाचवं, नोंद. त्या १९९६ च्या कायद्यानं बांधकाम कामगाराची नोंदणी सुरू झाली. वय अठरा ते साठ, आणि मागच्या वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेलं पाहिजे. त्यासाठी आपल्या राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. नव्वद दिवस आपल्यातल्या कितीतरी जणींचे भरतात. पण नवरा-बायको जोडीनं कामावर गेले तर नोंद नवऱ्याची होते. बाईचे दिवस कुणी मोजलेले नसतात.

आता यातलं आपल्या हातात काय आहे? मला वाटतं, थोडं नाही.

सुरुवात घरकुलापासून करू. २०१६ पासून ग्रामीण भागात प्रधानमंत्री आवास योजनेची घरं होतायत. घर बाईच्या नावावर किंवा जोडनावावर देण्यावर त्यात भर आहे. त्याच योजनेत ग्रामीण गवंडी तयार करण्याचं पंचेचाळीस दिवसांचं प्रशिक्षणही आहे, प्रत्यक्ष घर बांधता बांधता शिकवायचं. ग्रामसभेत आपण विचारू शकतो, आपल्या गटासाठी असा वर्ग होईल का? विचारताना एकीनं विचारू नका. पाच-सहा जणी मिळून नाव द्या, म्हणजे शिकल्यावरही पाच-सहा जणींची टोळी तयार राहील.

दुसरं, आपण आजही करतो त्या कामाची किंमत ओळखा. बांधकामावर पाणी मारायचं काम बायकांकडे असतं आणि त्याला कुणी कसब म्हणत नाही. पण सिमेंटला ताकद येते ती ओलाव्यात. निदान सात दिवस पाणी नीट मारलं नाही, तर चांगल्या मालाची स्लॅबही कच्ची राहते. कोरड्या विटा लावल्या तर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि सांधा सुटतो, म्हणून विटा आधी भिजवायच्या. माल कालवताना पाणी जास्त झालं तर काम सोपं होतं, पण भिंत कमजोर होते. हे सगळं तुम्हाला येतं. म्हणजे अर्धी गवंडी तुम्ही आहातच. उरलेलं अर्धं ओळंबा, गुण्या, पाणसळ आणि थापी यांचं. ते हाताला वळण लागण्यापुरतं आहे.

तिसरं, पहिली कामं आपणच आपल्याला द्यायची. गटातल्या एखादीच्या गोठ्याची भिंत, मोरी, न्हाणीघर, अंगणवाडीचा ओटा. पुरुष मिस्त्रीच्या पहिल्या भिंतीही वाकड्याच झाल्या असतील, पण त्या कुणीतरी बांधून घेतल्या म्हणून तो शिकला. आपल्या बाईची पहिली भिंत कोण बांधून घेणार? आपणच.

चौथं, वही. आपला गट हप्त्याची वही इतकी चोख ठेवतो, त्याच्याच मागच्या पानावर कोण किती दिवस बांधकामावर गेली आणि तिथे काय काम केलं, हे लिहा. ‘मजुरी’ एवढंच लिहू नका. ‘गिलाव्याचा माल कालवला’, ‘विटांचा थर लावला’ असं लिहा. नुसत्या आपल्या वहीवर नोंदणी होत नाही, नव्वद दिवसांचा दाखला लागतोच. पण तो मागायला जाल तेव्हा तारखा तोंडपाठ नसल्या तरी वहीत असतील. लंडनच्या त्या बायकांना पुराव्यासाठी सत्तर वर्षं थांबावं लागलं. आपल्याला थांबायचं कारण नाही.

आणि शेवटचं, लेकरं. गटातल्या एकीनं त्या दिवशी सगळ्यांची मुलं सांभाळायची आणि तिला इतरांनी हजेरीतला वाटा द्यायचा. हे काही नवं नाही. सावडीनं खुरपणी करताना आपल्या आज्या हेच करत होत्या.

माझ्या आईनं खडी फोडली तो रस्ता अजून आहे. त्यावरून एसटी जाते, टोमॅटोच्या गाड्या नारायणगावला जातात. तिला कधी कुणी विचारलं नाही, की बाई, हा रस्ता कुणी केला? तिलाही ते सांगावंसं वाटलं नाही. ती म्हणायची, ‘आम्ही काय, नुसते हात लावले.’ मला वाटतं, पुढच्या पिढीतल्या आपल्या पोरींनी असं म्हणू नये. एखाद्या घराकडे बोट दाखवून ‘ही भिंत माझी’ असं म्हणता आलं पाहिजे.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न विचारा. आपल्यातल्या किती जणी बांधकामावर जातात, आणि त्यांतली कुणी कधी थापी हातात धरलीय का? हात वर झाले तर मोजा. नाही झाले, तर पहिली भिंत कुणाच्या दारात बांधायची, ते त्याच बैठकीत ठरवा.